नव्वदावं मिनिट, एकेचाळिसावा गोल : तुमची आठवण सांगा

पेठेतली_लेक
काल कपाट आवरताना ऑक्सिमीटर सापडला. सेल पाझरून आतून हिरवा झालेला. हातात घेतला आणि २२ मे २०२१ ची संध्याकाळ जशीच्या तशी उभी राहिली.

मी आणि धाकटा भाऊ दोघंही पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत. आई-बाबा खाली. ताट जिन्याच्या पाचव्या पायरीवर ठेवून आई हाक मारायची. खालचा टीव्ही बंद पडलेला, लॉकडाऊनमुळे दुरुस्तीला माणूस मिळत नव्हता. त्यामुळे बाबा जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेले आणि आम्ही वरून ओरडून मॅच सांगतोय. संध्याकाळी सातची मॅच, म्युनिकचा फुटबॉल क्लब बायर्न विरुद्ध आउग्सबुर्ग, बुंडेसलीगाचा म्हणजे जर्मन लीगचा शेवटचा दिवस. विजेतेपद आधीच खिशात. प्रश्न एकच, बायर्नचा पोलिश स्ट्रायकर लेवांडोव्स्कीचा सीझनमधला एकेचाळिसावा गोल होतो की नाही. बायर्नच्याच गेर्ड म्युलरचे १९७१-७२ च्या एका सीझनचे ४० गोल, हा विक्रम एकोणपन्नास वर्षं कुणी मोडलेला नाही.

हाफटाइमला ४-०, आणि चारातला एकही त्याचा नाही! गोलकीपर त्याचंच सगळं अडवतोय. आउग्सबुर्गनं दोन परत केले. बाबा दर दोन मिनिटांनी "झाला काय गं?" नव्वदाव्या मिनिटाला बायर्नच्या लेरॉय सानेनं लांबून मारला, कीपरच्या हातून सुटला, आणि हा तिथं हजर. बगल देऊन आत. आम्ही दोघं ओरडलो आणि मग पाच मिनिटं नुसता खोकला.

खालून बाबा: "कुणी मारला आधी?"
"साने!"
"साने? पुण्याचा व्हय?"

मग ते गप्प झाले. बाबा सत्तरच्या दशकात कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडून सेंटर फॉरवर्ड खेळलेले. म्युलर त्यांनी पाहिला तो वर्तमानपत्रातल्या फोटोतच. थोड्या वेळानं विचारलं, "पेनल्टी धरून किती?" सांगितलं, ४१ पैकी ८ पेनल्टी. "मग चाललं," म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

त्या महिन्यात आमच्या घरात आनंदानं ओरडलं गेलं ते एवढंच. तुम्ही कुठं होतात त्या सीझनला? लिहा.

इझारकाठचा
मी म्युनिकमध्येच होतो, आणि तरी तुमच्याइतकाच लांब. स्टेडियमकडे जाणारी यू-६ मेट्रो घराजवळून जाते, एरवी शनिवारी लाल शर्टांनी भरलेली. त्या दिवशी डब्यात मी आणि एक सायकलवाला. मैदानात जेमतेम काही लोकांना परवानगी होती.

शेजारी एक आजोबा राहायचे. जून १९७२ मध्ये नव्याकोऱ्या ऑलिंपिक स्टेडियमवर शाल्केला ५-१ हरवून बायर्ननं लीग जिंकली तेव्हा ते तिथं होते. त्या सीझनला बायर्नचे १०१ गोल, त्यातले ४० एकट्या म्युलरचे. लेवांडोव्स्कीचा गोल झाल्यावर ते बाल्कनीत आले. मला वाटलं वाईट वाटलं असेल. म्हणाले, गेर्डसुद्धा अस्साच मारायचा, सुटलेला चेंडू, सहा यार्डांत. मग त्यांनी मला अर्धा केक दिला.

सांजवात
केक कसला होता

इझारकाठचा
र्‍हबार्बचा. आंबट. आपल्या अंबाडीसारखी चव लागते थोडी.

वास्कोकार
आमच्या घरात सगळे ब्राझीलचे चाहते, जर्मन लीग कोण बघतो! पण २०२० च्या मे महिन्यात जगात फक्त तीच चालू झाली होती मोठ्यांपैकी, म्हणून बसलो आणि अडकलो. दुसऱ्या वर्षी तर सवयच. मार्चमध्ये पोलंडकडून खेळताना लेवांडोव्स्कीचा गुडघा दुखावला, महिनाभर बाहेर, तेव्हा मी मोठ्या भावाला म्हटलं संपलं आता. भाऊ म्हणाला थांब. परत येऊन गोल, मग ग्लाडबाखविरुद्ध हॅटट्रिक. २९ सामन्यांत ४१, काय खाऊन खेळतो माणूस. म्युलरला ४० साठी ३४ लागले होते.

चाळिशीतला_लेफ्टबॅक
मला एकेचाळिसाव्यापेक्षा चाळिसावा जास्त लागतो. फ्रायबुर्गविरुद्ध पेनल्टी. शर्ट वर केला तर आत म्युलरचा फोटो, '४एव्हर गेर्ड'. सहकारी दोन रांगा करून उभे. ज्याची बरोबरी केली त्याचंच नाव छातीवर.

आमच्या आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. म्युलरला अल्झायमर असल्याचं बायर्ननं २०१५ मध्ये सांगितलं होतं, म्हणजे तो फोटो त्यांना कितपत कळला असेल कोण जाणे. मी तो व्हिडिओ आजोबांना दाखवला. ते म्हणाले, पोरगा चांगला आहे, जेवला का विचार.

सांजवात
❤️ आजोबांना नमस्कार सांगा

पेठेतली_लेक
@लेफ्टबॅक, हे वाचून हातातलं काम थांबलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला म्युलर गेले. झेंडावंदन करून आल्यावर मोबाइलवर बातमी वाचली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, विक्रम मोडेपर्यंत थांबला बघ.

दुपारची_पाळी
माझा दादा १९ मे ला गेला. मॅच त्यानं मार्क करून ठेवलेली, कॅलेंडरवर पेनानं 'लेवा ७ वाजता'. आम्ही टीव्ही लावलाच नाही. कॅलेंडर अजून आहे. पहिल्यांदाच लिहितेय हे कुठं.

इझारकाठचा
ताई, लिहिलंत बरं केलंत.

वास्कोकार
दादासाठी आज तो गोल पुन्हा बघतो.

नऊ_नंबर
कुणी लेवांडोव्स्कीच्या पाच गोलांचा विषय काढला नाही अजून?? २०१५, वोल्फ्सबुर्ग, हाफटाइमनंतर बदली म्हणून आला आणि ९ मिनिटांत ५. कोच ग्वार्डिओला डोकं धरून उभा. मी होस्टेलवर, लाइट गेलेली, परत आली तर ५-१. स्कोअर चुकलाय म्हणून ॲप डिलीट करून परत टाकलं.

आणि २०२० चा बॅलन डी'ऑर, वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, रद्द केला तो राग आयुष्यभर राहणार.

मेस्सी_माझा
२०२१ चा घेताना मेस्सीनं स्टेजवरूनच म्हटलं होतं की २०२० चा लेवांडोव्स्कीला द्या म्हणून. आमच्यावर राग काढू नका

नऊ_नंबर
तेवढ्यासाठी मेस्सीला मानतो. दिला नाही शेवटी.

सांजवात
विषय सोडून विचारते, कुकर लावलाय म्हणून पटकन. मुलगा अकरा वर्षांचा, पायाला ३६ नंबर, पुण्यात फुटबॉलचे चांगले स्टड (बूट) कुठं मिळतात? मागचे दोन महिन्यांत फाटले. बायर्नच्या महाराष्ट्र कप स्पर्धेतून मुलं म्युनिकला गेली हे कळल्यापासून आमच्याकडे सकाळी साडेपाचला गजर वाजतो.

काठाशी_उभा
मी गोलकीपर. इथं कुणी आउग्सबुर्गच्या कीपरबद्दल, गिकिएविचबद्दल बोलेना म्हणून लिहितोय. तोही पोलंडचाच. पूर्ण ८९ मिनिटं त्यानं आपल्या देशाच्या माणसाला थोपवून धरलं. सानेचा फटका जोरात होता, पावसाळी चेंडू असा छातीवर घेताना सुटतोच. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एक असाच सोडलाय, सेमीफायनलला. घरी जाताना कुणी बोललं नाही. आईनं फक्त गरम पाणी काढून ठेवलं होतं. म्हणून तो गोल मी जेव्हा बघतो तेव्हा आधी कीपरकडे बघतो, तो मान खाली घालून बसलाय.

चाळिशीतला_लेफ्टबॅक
@सांजवात, दुकानाचं नाव मेसेज करतो. एक नंबर मोठा घेऊ नका, बोटं पुढं सरकतात. जाड मोज्यासकट घालून बघू दे.

सांजवात
आभार 🙏 तीन शिट्ट्या झाल्या, येते

पेठेतली_लेक
सगळं बाबांना वाचून दाखवलं. दुपारची_पाळी ताईंचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तो गोलकीपर कुठल्या पेठेचा ते विचार.

काठाशी_उभा
मंगळवार. काकांना सांगा, सेमीफायनल शिवाजी पेठेविरुद्धच होती.

पेठेतली_लेक
म्हणताहेत, घरी ये जेवायला.