प्रति: गडद फ्लीसवरचे पांढरे ठिपके
गडद फ्लीसवर (आतून लव असलेल्या विणीच्या कापडावर) पांढरे ठिपके दिसतायत आणि त्यांचं खापर रंगाईवर फोडलंय, पण ते ठरावीक अंतरावर येत असतील तर रंगाई बिचारी निर्दोष! कापड बहुधा दोन-धागी फ्लीस (टाके घालणारा मूळ धागा आणि एक जादाचा धागा) असणार. त्यात जाड, जादाचा धागा टाके घालतच नाही. विणकाम यंत्राच्या साधारण दर चौथ्या सुईवर टकने (टाका न विणता नुसता पकडला जाऊन) अडकतो आणि मधे पाठीमागे मोकळा राहतो (ब्रश मारून लव काढतात ती यातूनच). जिथे अडकतो तिथे पुढून डोकावतो. पॉलिस्टर असेल तर सुताचा रंग घेत नाही, म्हणून पांढरा दिसतो. तीन-धागी फ्लीसमधे बांधणीचा आणखी एक बारीक धागा मूळ धाग्यासोबत प्लेटिंगने (एकाच टाक्यात एक पुढे, एक मागे असा) विणतात, जाड धागा दोघांमधे दबतो, म्हणून पुढून डोकावत नाही. खात्रीसाठी कड उसवून बघा, जाड धागा जवळपास सरळ निघेल.