मदत हवी आहे: २६ फुटी जुनी शिडाची बोट, माणसं दोनच, पैसे आधी कशावर घालू?

रेवदंडेकर:

नमस्कार मंडळी. ओट्याला ग्रॅनाइट घालू की क्वार्ट्झ यावर इथे दोनशे प्रतिसाद पडतात, म्हटलं बोटीवर निदान चार तरी पडतील.

आधी बोटीबद्दल. वेस्टर्ली सेंटॉर, १९७४ ची, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी. इंग्लंडात ही बोट म्हणजे आपल्याकडची प्रीमिअर पद्मिनी समजा, १९६९ ते १९८० मध्ये दोन हजारांच्या वर बांधल्या आणि अजून कुठल्याही खाडीत गेलात तरी एखादी दिसतेच. खाली एकाऐवजी दोन कील (तळाचे जड पंख) आहेत, तरंगायला जेमतेम तीन फूट पाणी पुरतं, आणि ओहोटी लागली की चिखलात दोन पायांवर उभी राहते. आमचं मूरिंग (बोट बांधायची जागा) पोर्टस्मथ हार्बरच्या पार आतल्या अंगाला आहे, दर ओहोटीला सुकतं म्हणून स्वस्त. लहानपणी रेवदंड्याच्या खाडीत होड्या चिखलात कलंडून पडलेल्या बघायचो, इथेही तोच चिखल, तोच वास, उधाणाला भरती-ओहोटीतला फरकसुद्धा आपल्यासारखाच, चार मीटरच्या आसपास. फक्त पाणी असं गार की बोट (हाताचं) बुडवलं तरी कळ खांद्यापर्यंत जाते.

आता प्रॉब्लेम. आम्ही दोघंच असतो, मी आणि बायको. मी डे स्किपरचा कोर्स केलाय, तिने दोन दिवसांचा प्राथमिक. म्हणजे कागदावर दोन माणसं, पण प्रत्यक्षात तिच्या हातात टिलर (सुकाणूचा दांडा) द्यायचा आणि बाकी सगळीकडे मी धावायचं. मे महिन्यात एका शनिवारी समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या काऊजला निघालो, नैऋत्येचा वारा समोरून आणि खाली ओहोटीचा प्रवाह पश्चिमेला, म्हणजे वारा एकीकडून नि पाणी दुसरीकडून, सोलेंटमध्ये (ते बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी) अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट प्रत्येक लाटेवर कपाळ आपटत जाते. वारा वाढला, मेनसेलला (मुख्य शिडाला) रीफ घ्यायला, म्हणजे शीड लहान करायला, मी डोलकाठीपाशी गेलो आणि बूम (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) वर धरून ठेवणारी टॉपिंग लिफ्ट नावाची दोरी आवळायची विसरलो. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडल्याबरोबर बूम धाडकन खाली, थेट स्प्रेहूडवर (बसायच्या जागेपुढचं कापडी छप्पर), आणि बायकोचं डोकं त्याच्यापासून वीतभर. ती दचकली, बोट आपोआप वळून वाऱ्याच्या पलीकडे गेली, जेनोआ (पुढचं शीड) उलटा फुगला, मी डोलकाठीला मिठी मारून ओरडतोय. मधे एक अर्धं मिनिट बोट अचानक शांत झाली, का ते कळलं नाही, मग तिने टिलर ओढला आणि पुन्हा सगळं चालू. काऊज राहिलं, परत फिरलो.

या सीझनला २००० पौंड बाजूला काढलेत. डोक्यात तीन गोष्टी आहेत, एक टिलरला लावायचा ऑटोपायलट, दुसरं म्हणजे सगळे हॅलयार्ड आणि रीफच्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत (बसायच्या जागेपर्यंत) मागे आणून घेणे म्हणजे डोलकाठीपाशी जायलाच नको (यार्डवाल्याने फक्त याचेच दीड हजार सांगितले), आणि तिसरं इलेक्ट्रिक विंडलास (नांगर वर ओढणारं यंत्र) कारण नांगर ओढून माझी कंबर जाते. तिन्ही होणार नाहीत. आधी काय करू?

खारेदाणे:

ऑटोपायलट, डोळे मिटून. दोन माणसांत तोच तिसरा, शिवाय जेवायला मागत नाही. पण वजन बघून घ्या, रेमरीनचा एसटी १००० हा ३००० किलोपर्यंतच्या बोटीसाठी आहे आणि एसटी २००० साडेचार हजारांपर्यंत. सेंटॉर रिकामीच तीन टनाच्या वर भरते, त्यात तुमचं पाणी, डिझेल, साखळी, बायकोने घेतलेलं पांघरूण आणि तुम्ही घेतलेली हत्यारं. शंभरेक पौंड वाचवायला धाकटा घेऊ नका, मागून लाट आली की तो बिचारा धापा टाकत मागे राहतो.

आणि एक, त्याच्या पोटात होकायंत्र असतं. आमचा एकदा दर पाच मिनिटांनी वीस अंश भरकटायचा, मी वायरिंग उघडून बसलो, दुपार गेली, शेवटी कळलं की मुलगा कॉकपिटमध्ये त्याच्या शेजारीच ब्लूटूथ स्पीकर ठेवून गाणी ऐकत होता. स्पीकरमध्ये लोहचुंबक.

रेवदंडेकर:

धन्यवाद खारेदाणे. पण बॅटरी? माझ्याकडे एकच घरगुती आणि एक इंजिनची आहे.

खारेदाणे:

दिवसभर सोलेंटमध्ये फिरायला पुरते हो. अर्धा ते दीड अँपिअर खातो, लाटा किती त्यावर. शिडं वाऱ्याप्रमाणे नीट लावलेली (ट्रिम) असतील तर कमी खातो, तुम्ही मेन नको इतका आवळून ठेवलात तर तो दिवसभर कुस्ती खेळणार आणि बॅटरी झोपणार.

जुना_तांडेल:

अहो रेवदंडेकर, तुमचा अख्खा किस्सा वाचला आणि एका वाक्यावर अडकलो. "मधे एक अर्धं मिनिट बोट अचानक शांत झाली." ते काय होतं माहितीये का? तुमच्या बायकोने नकळत बोट हीव्ह-टू केली होती! जी गोष्ट तुम्हाला त्या वेळी हवी होती ती फुकटात मिळाली होती आणि तुम्ही दोघांनी मिळून ती मोडलीत.

बोट वाऱ्यातून वळवायची पण जेनोआची शीट (शीड आवळायची दोरी) सोडायची नाही, म्हणजे जेनोआ उलट्या बाजूने फुगतो आणि नाक वाऱ्यापासून लांब ढकलतो. मग वेग पडला की टिलर वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला सरकवून दोरीने बांधून टाकायचा, म्हणजे सुकाणू नाक परत वाऱ्याकडे आणू बघतं. दोघांचं भांडण बरोबरीत सुटतं आणि बोट मधल्यामधे तिरकी, हळूहळू सरकत बसते. मग टिलरवर कोणी नसलं तरी चालतं. रीफ घ्या, चहा करा, नकाशा बघा. तुमच्या जेनोआला फर्लर असेल तर आधी निम्मा गुंडाळा, पूर्ण उघडा असला तर नाक फार ढकलतो. दोन कीलच्या बोटी अगदी जागेवर बसत नाहीत, थोड्या पुढे सरकतात, तेव्हा वारा ढकलेल त्या बाजूला मोकळं पाणी किती ते बघून करा. आणि वारा उजव्या अंगाने येईल असं बसा, म्हणजे समोरच्या शिडाच्या बोटीने बाजू द्यायची, तुम्ही नाही. मोठ्या जहाजांच्या वाटेत मात्र नाहीच, तुमच्याकडे साउदॅम्प्टनला जाणाऱ्या १५० मीटरपेक्षा जास्त लांबीच्या जहाजापुढे १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर जागा मोकळी सोडावी लागते.

हॅलयार्ड मागे आणायचे दीड हजार तूर्तास खिशात ठेवा. दोरी जितकी वळणं घेते तितकी घासते, जुन्या बोटीत रीफची दोरी चार पुल्यांतून मागे आणली की ओढताना वाटतं पलीकडून कोणी धरून बसलंय. त्यापेक्षा हॅलयार्डवर, रीफ घेताना तो जिथपर्यंत सोडायचा असतो तिथे लाल दोरा गुंडाळून खूण करा. खूण क्लीटपाशी (दोरी अडकवायच्या खुंटापाशी) आली की थांबायचं, वर बघत अंदाज घ्यायचा नाही. आणि क्रम कागदावर लिहून कॉकपिटमध्ये चिकटवा, पहिल्या ओळीत टॉपिंग लिफ्ट, ठळक अक्षरात.

अवांतर: दोघांत बोट चालत नाही म्हणणाऱ्यांना मी नौदलाच्या तारिणीचं उदाहरण देतो, ५६ फुटी, गोव्यातच बांधलेली, आणि २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून दोघीच जणी जगाला वळसा घालून २९ मे २०२५ ला परत आल्या. तुमची त्याच्या निम्मी पण नाही.

कोथरूडचा_बेडूक:

यातलं काहीही कळलं नाही तरी शेवटपर्यंत वाचलं. आम्हाला इथे स्कूटर लावायला जागा मिळेना आणि लोकांच्या बोटी चिखलात उभ्या राहतात. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

मीठमिरची:

विंडलासबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. तुमची साखळी ८ मिमीची असणार, ती मीटरला साधारण १.४ किलो. ३० मीटर म्हणजे ४२ किलो, ऐकायला भयंकर, पण ती सगळी एकदम कुठे उचलताय? पाच मीटर पाण्यात नांगर टाकलात तर हवेत लटकते ती फक्त पाच-सहा मीटर, बाकीची तळावर लोळत असते. म्हणजे सात-आठ किलो साखळी अधिक दहा किलोचा नांगर, तेही नांगर तळावरून सुटला की. विहिरीतून भरलेली कळशी शेंदण्याइतकं काम. कंबर जाते कारण तुम्ही साखळीने तीन टनाची बोट पुढे ओढताय. इंजिन हळू पुढे टाकायचं, दुसऱ्याने हाताने दिशा दाखवायची, बोट साखळीच्या वर आली की सैल झालेली तेवढीच गोळा करायची. पुन्हा थोडं पुढे. ओरडायचं नाही, हातवारे ठरवून घ्यायचे. आमच्याकडे मूठ म्हणजे न्यूट्रल.

पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) लागतानाचं पण सांगते, कारण दोघांत सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. बोटीच्या मध्यावरच्या क्लीटची एकच दोरी तयार ठेवा, ती पाँटूनवरच्या मागच्या क्लीटला टाका, इंजिन अगदी हळू पुढे, टिलर पाँटूनच्या बाजूला ढकललेला. बोट चिकटून बसते, हलत नाही. मग आरामात पुढची मागची दोरी बांधा. कोणी उडी मारायची नाही!

रेवदंडेकर:

तांडेल, दंडवत. मी ते अर्धं मिनिट नुसतं ओरडण्यात घालवलं. मीठमिरची, कळशीचा हिशोब पटला, विंडलास यादीतून गेला. म्हणजे ऑटोपायलट घेतो आणि उरलेले पैसे नवीन मेनसेलसाठी ठेवतो, असंच ना?

टिलरवाली:

नमस्कार, मी ती "बायको". नवऱ्याने लिंक पाठवली, वाचली. बूम माझ्या डोक्यापासून वीतभर नव्हती, चार बोटं होती.

सगळ्यांचे सल्ले छान आहेत पण सगळे सल्ले तो बोटीवर आहे असं धरून आहेत. त्या दिवशी मी टिलर धरून एकच विचार करत होते, हा आता पडला तर? तो ८५ किलोचा, मी ५४. बोटीचा काठ पाण्यापासून माझ्या कमरेइतका उंच. शिडं मला उतरवता येत नाहीत कारण ते काम नेहमी त्याचं. रेडिओ कसा लावायचा ते त्याने एकदा दाखवलंय, दिवाळीच्या सुमारास. आता ऑटोपायलट लावला तर तो पडल्यावर बोट सरळ रेषेत त्याच्यापासून लांब जाईल, एवढाच फरक. मला कोणी यावर सांगेल का?

खारेदाणे:

वहिनी, चूक माझी, पहिल्या ओळीत "डोळे मिटून" लिहिलं. परत सुरुवात करतो.

पडायचंच नाही ही पहिली गोष्ट. डेकवर पुढपासून मागपर्यंत दोन्ही बाजूंना जॅकस्टेचे (हूक अडकवायचे) पट्टे, लाइफजॅकेटला हार्नेस, आणि त्या दोघांना जोडणारा दोन हुकांचा टेदर. आखूड बाजू वापरा, लांब टेदरवर माणूस काठापलीकडे जाऊन बोटीबरोबर पाण्यातून फरफटतो, ते टेदर नसण्यापेक्षा फार चांगलं नाही. लाइफजॅकेटचा मांड्यांमधला पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर जॅकेट वर आणि माणूस खाली.

पडलाच तर बोट ताबडतोब वळवा, जेनोआची शीट सोडू नका. म्हणजे काय, तांडेलांनी सांगितलं तेच हीव्ह-टू, बोट त्याच्याजवळच थांबते. ऑटोपायलट चालू असेल तर तो पिनेवरून उचलून बाजूला टाकायचा, एका हाताचं काम, पण ते दहा वेळा करून हातात बसायला हवं. मग रेडिओवरचं झाकण उघडून लाल बटण पाच सेकंद दाबून धरा, तुमचं ठिकाण आपोआप जातं, नंतर चॅनल १६ वर बोला. तो परवाना तुम्ही स्वतः काढा, एका दिवसाचा कोर्स आहे.

थंड पाण्याचा हिशोब इथे १-१०-१ असा शिकवतात, पहिला एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, मग दहाएक मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध तासभर. म्हणजे तो स्वतः शिडीवर चढेल हे त्या दहा मिनिटांतच. म्हणून पाण्यातल्या माणसाला स्वतःच ओढून उलगडता येईल अशी शिडी कायमची मागे बांधलेली हवी. आणि हातपाय गेले तर ५४ किलोने ८५ किलो ओढायला चार पदरी पुलीचा सेट, वरचं टोक मेन हॅलयार्डला लावून आधी उंच चढवून ठेवायचं, खालचं त्याच्या हार्नेसला, आणि दोरीचं शेपूट कॉकपिटमधल्या विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर).

जुना_तांडेल:

वहिनींना +१००. मी पण शिडांत अडकलो, माणूस विसरलो.

रेवदंडेकर:

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

पहिल्या रविवारी स्टोक्स बेमध्ये गेलो, मोठ्या जहाजांच्या वाटेपासून बाजूला, वारा तीन-चार फोर्स. हीव्ह-टू पहिले तीन वेळा जमलं नाही, वेग मरायच्या आत टिलर सरकवत होतो आणि बोट परत वळून जायची. चौथ्यांदा तिने केलं, जमलं. जेनोआ निम्मा. टिलर दोरीने बांधला आणि दोघंही हात मांडीवर ठेवून बसलो, काय करावं सुचेना. मग चहा केला. मग रीफ, तिने घेतला, मी कॉकपिटमध्ये गप्प बसून. (कठीण गेलं, रीफपेक्षा गप्प बसणं.)

दुसऱ्या आठवड्यात फेंडरला (बोटीच्या बाजूला लावायच्या फुग्याला) पाण्याने भरलेली बादली बांधून पाण्यात टाकली, तो मी. ती एकटीने परत येऊन मला पुलीवर घेईपर्यंत ११ मिनिटं, दुसऱ्यांदा ७. पहिल्या वेळी मला प्रोपेलरजवळ घेतलं होतं, त्यावर घरी अजून चर्चा चालू आहे.

खरेदी: शिडी, पुल्या, जॅकस्टे, दोन नवे टेदर, तिचा रेडिओचा कोर्स, आणि उरलेल्यात वापरलेला एसटी २०००. हॅलयार्ड जिथे होते तिथेच, लाल दोरा गुंडाळून.

आता एकच अडलंय. ऑटोपायलटची पिन सुकाणूच्या खांबापासून १८ इंचांवर टिलरमध्ये बसवायची असते, आणि माझ्या टिलरच्या लाकडाचे थर नेमके तिथेच सुटायला लागलेत, नखाची कड आत जाते. इपॉक्सी भरून, क्लॅम्प लावून मग भोक पाडू, की सरळ नवा टिलर करून घेऊ? इथे कोणी सुतारकाम करणारं आहे का?