भू-रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल: विहिरीच्या पाण्याचा ताळा लागत नाही, आणि खडकाचं काय करावं?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या भूशास्त्राच्या मुलांसाठी भू-रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स नव्याने बसवतो आहे. बॅच बारा जणांची, वेळ तीन तास. हाताशी ब्युरेट, पीएच मीटर, ईसी (विद्युतवाहकता) मीटर, मफल भट्टी आणि चार दशांशांचा तराजू. फ्लेम फोटोमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर रसायनशास्त्र विभागाकडून मिळतो. आयसीपी, एक्सआरएफ या मूलद्रव्यं मोजणाऱ्या महागड्या यंत्रांतलं काही नाही.

जुन्या पद्धतीत सगळ्यांना एकच तयार द्रावण दिलं जायचं. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे मुलं आकडे मागून जुळवत. म्हणून यंदा बेसॉल्टमधल्या विहिरींचं खरं पाणी घेतलं. एका विहिरीचे आकडे, सगळे मिग्रॅ/लि मध्ये:

कॅल्शियम ६२, मॅग्नेशियम ३४, सोडियम ४८, पोटॅशियम २. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ५७, सल्फेट २२. ईसी २५ अंशांना ८१२ मायक्रोसीमेन्स/सेंमी.

धन आणि ऋण आयनांचा ताळा (दोन बाजूंच्या बेरजांतला फरक भागिले त्या दोन्हींची एकत्र बेरीज) ±५ टक्क्यांत यायला हवा, येतोय ६.४. कुठलं टायट्रेशन चुकलं हे कसं शोधायचं?

दुसरा प्रश्न: खडक विरघळवणारं घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल पदवीच्या मुलांच्या हाती द्यायचं नाही हे पक्कं. मग खडकावर काय करून घेता येईल?

क्षारपट

सर, टायट्रेशन कदाचित एकही चुकलेलं नाही. हा आकडा वर्गात फळ्यावर सोडवण्यासारखा आहे.

आकडे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक आयनाच्या मिग्रॅला त्याच्या तुल्यभाराने भागा. कॅल्शियम ६२ ÷ २०.०४ = ३.०९, मॅग्नेशियम ३४ ÷ १२.१५ = २.८०, सोडियम ४८ ÷ २२.९९ = २.०९, पोटॅशियम ०.०५. बेरीज ८.०३. पलीकडे बायकार्बोनेट ३०५ ÷ ६१.०२ = ५.००, क्लोराइड ५७ ÷ ३५.४५ = १.६१, सल्फेट २२ ÷ ४८.०३ = ०.४६. बेरीज ७.०७.

आता ईसीकडे बघा. गोड्या पाण्यात एका बाजूच्या आयनांची बेरीज गुणिले १०० केली की साधारण ईसी येते, दहा टक्के इकडेतिकडे. ८.०३ वरून ८०३ येते, ७.०७ वरून ७०७. मीटर ८१२ म्हणतो. म्हणजे धन बाजू बहुधा बरोबर आहे आणि ऋण बाजूला ०.९६ मिलीइक्विव्हॅलंट कमी पडताहेत. तुम्ही नायट्रेट मोजलेलंच नाही. ०.९६ गुणिले ६२ म्हणजे जवळपास ६० मिग्रॅ/लि नायट्रेट. शेतातल्या उथळ विहिरीत खतामुळे किंवा गोठ्याच्या ओलीमुळे एवढं सहज असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे, तेव्हा मोजून खात्री केलीत तर विहिरीच्या मालकालाही सांगावं लागेल.

मोजायला सोपं आहे. ५० मिली गाळलेल्या पाण्यात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली घालून २२० आणि २७५ नॅनोमीटरला शोषण घ्या. पहिल्यातून दुसऱ्याची दुप्पट वजा करा. दुसरं वाचन सेंद्रिय पदार्थांसाठी असतं. ही वजाबाकी पहिल्या वाचनाच्या दहा टक्क्यांहून मोठी झाली तर या पद्धतीवर विसंबू नका. क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी, साधी काच २२० ला काहीच आरपार जाऊ देत नाही.

तरी टायट्रेशनकडे डोळेझाक नको. जिथे हमखास घसरतं ते लिहितो.

कठीणपणा (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून): तो ईडीटीए या दोन्हींना बांधणाऱ्या द्रावणाने टायट्रेट करतात. ०.०१ मोलर ईडीटीए म्हणजे डायसोडियम मीठ ३.७२३ ग्रॅम/लि. ते वजनावर सोडू नका. १.००० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवून, लिटरभर करा आणि त्याने प्रमाणित करा. ५० मिली नमुन्याला ब्युरेटचं वाचन गुणिले २० केलं की कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिग्रॅ/लि मिळतात. तुमच्या पाण्याला साधारण १४.७ मिली लागले असणार. बफर (पीएच १० ला धरून ठेवणारं द्रावण) घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन संपवायचं, कारण पीएच १० ला कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपात खाली बसू लागतो आणि शेवटचा रंग पुन्हा पुन्हा मागे फिरतो. एरिओक्रोम ब्लॅक टी द्रावणात फार टिकत नाही. १ भाग सूचक आणि १०० भाग कोरडं मीठ खलून ठेवा, चिमूटभर पुरतं. मात्र ही मिठाची पूड फ्लेम फोटोमीटरच्या नमुन्यांच्या टेबलावर कधीही उघडायची नाही. सोडियमचे आकडे तिथेच बिघडतात.

कॅल्शियम: १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २ मिली, पीएच १२ ते १३. म्युरेक्साइड सूचकाचा गुलाबी ते जांभळा बदल नवख्या डोळ्याला दिसत नाही. टायट्रेशन पुरं झालेला एक फ्लास्क पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, किंवा सरळ पॅटन-रीडर सूचक वापरा. त्याचा वाइनसारखा लाल ते निळा बदल स्वच्छ कळतो.

क्लोराइड: मोहरच्या पद्धतीत (सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन) सूचक म्हणून ५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिली, आणि ब्लँक (नमुन्याऐवजी डिस्टिल्ड पाणी) हवाच. ब्लँकला ०.२ ते ०.३ मिली सिल्व्हर नायट्रेट लागतं. ते वजा न केल्यास क्लोराइड कमी असलेल्या पाण्यात मोठी टक्केवारी चुकते. पाणी पीएच ७ ते १० मध्येच असावं. उरलेलं क्रोमेट आणि चांदी वेगळ्या बाटलीत जमा करा, बेसिनमध्ये नाही.

काळा फत्तर

वरचं निदान पटलं. पण मुलांना याच बरोबर हेही शिकवायला हवं की ताळा जमला म्हणजे विश्लेषण बरोबर, असं नाही. तीन चुका ताळ्याला दिसतच नाहीत.

पहिली, कॅल्शियम-मॅग्नेशियमची वाटणी. मॅग्नेशियम आपण एकूण कठीणपणातून कॅल्शियम वजा करून काढतो. म्युरेक्साइडचा शेवट पुढे ढकलला गेला तर कॅल्शियम वाढतं, मॅग्नेशियम तेवढंच घटतं, बेरीज तीच. कागदावर सगळं छान, आणि पाणी बेसॉल्टचं की चुनखडीचं हा अर्थ मात्र साफ चुकलेला. यावर उपाय: ५० मिली नमुन्यात प्रमाणित कॅल्शियम द्रावण २ मिली घालून पुन्हा टायट्रेशन करा. ईडीटीए नेमकं २ मिली जास्त लागायला हवं.

दुसरी, बाटलीत बसलेला चुना. भूजलात कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेपेक्षा बराच जास्त असतो. बाटली अर्धी भरली, उन्हात ठेवली की वायू उडतो, पीएच चढतो. नुसता वायू गेल्याने क्षारता (आम्लाने टायट्रेट करून मोजलेलं बायकार्बोनेट-कार्बोनेट) बदलत नाही, ही गोष्ट मुलांना नीट समजावून सांगण्यासारखी आहे. पण पीएच चढल्यावर कॅल्शियम कार्बोनेट बसला तर कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही सारख्याच मिलीइक्विव्हॅलंटने घटतात. ताळा तस्साच! पकडायचं कसं? विहिरीवर मोजलेली ईसी आणि प्रयोगशाळेतली ईसी, दोन्ही जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिहायला लावा. दुसरी ठळक कमी आली की बाटलीचा तळ आणि खांदा बघायचा. म्हणून बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची, पीएच, ईसी, तापमान जागेवर, क्षारता त्याच दिवशी. धन आयनांसाठी दुसरी बाटली ०.४५ मायक्रॉनमधून गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली न्यायची. या दोन बाटल्यांची झाकणं निराळ्या रंगांची ठेवा. आम्लवाल्या बाटलीतून क्षारता काढायला बसलेला गट हे दृश्य सगळीकडे दिसतं, आणि उत्तर अर्थातच शून्य येतं.

तिसरी, फ्लेम फोटोमीटर बंद असला की काही ठिकाणी सोडियम ‘फरकाने’ काढतात, म्हणजे ऋण बेरजेतून बाकीचे धन आयन वजा करून. मग ताळा जमणारच, तो जमवलेलाच असतो. असे आकडे ताळ्याच्या रकान्यात लिहू देऊ नका.

नमुने निवडताना सगळे एकाच गावातून घेऊ नका. बेसॉल्टमधल्या उथळ विहिरी बहुतेक कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट प्रकारच्या निघतात. शेजारी अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं एक पाणी ठेवा. सोडियम आणि क्लोराइड काय करतात ते आयनांच्या प्रमाणाची आकृती काढली की एका नजरेत दिसेल. लोणारचं पाणी मोह घालतं, पण सरोवर अभयारण्यात आहे, वनखात्याची परवानगी आधी काढा. त्याचा पीएच १० च्या आसपास, त्यामुळे मोहर पद्धतीआधी सौम्य आम्लाने ८ पर्यंत उतरवा आणि विरल करा, नाहीतर चांदी कार्बोनेट-हायड्रॉक्साइडमध्येच जाते. क्षारताही दोन टप्प्यांत घ्या: फिनॉल्फथॅलीनला ८.३ पर्यंत, मग ४.५ पर्यंत.

सह्यकडा

दोघांचेही मनापासून आभार. नायट्रेट राहिलंच होतं, आता क्वार्ट्झ क्युव्हेटची सोय बघतो. ईसीवरून बाजू ओळखायची युक्ती थेट प्रश्नपत्रिकेत घालण्याजोगी आहे. खडकाबद्दल कुणी सांगेल का?

मुरूम-माती

खडक विरघळवायचा हट्टच सोडा. एकाच दरडीतून ताजा काळा दगड, त्यावरचा मुरूम आणि वरची माती घ्या. जोडीला जांभ्याचा एक तुकडा. चार नमुने, चार गट, दोन मोजमापं: ज्वलनातील वजनघट आणि घर्षण-पीएच.

वजनघटीसाठी क्रुसिबल आधी रिकामं ९५० अंशांना तासभर तापवून डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोला. त्यावरचा पेन्सिलीचा क्रमांक भट्टीत उडून जातो; फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने लिहा, तो लोह-ऑक्साइड होऊन राहतो. पूड १०५ अंशांना रात्रभर वाळवा, साधारण १ ग्रॅम घ्या, थंड भट्टीत ठेवून हळूहळू ९५० पर्यंत न्या, तासभर ठेवा. एकदम तापल्या भट्टीत टाकली तर पूड उडते. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तापवा. १००० च्या पुढे जाऊ नका, बेसॉल्ट क्रुसिबलला चिकटू लागतो.

इथे खरी गंमत काळ्या दगडाची. त्यातलं फेरस लोह भट्टीत ऑक्सिजन घेतं. फेरस ऑक्साइड १० टक्के असेल आणि सगळं फेरिक झालं तर वजन १.११ टक्के वाढतं. पाणी वगैरे मिळून २ टक्के उडालं असलं तरी घट ०.९ दिसते. अगदी ताज्या दगडात ती ऋणही येऊ शकते. मुलं तराजूला दोष देतात. त्यांना आधी काही न सांगता कारण शोधायला लावा. जांभ्याचा आकडा मात्र दणदणीत येतो, कारण त्यातली खनिजंच पाणी धरून असतात: शुद्ध गोएथाइट १०.१ टक्के, केओलिनाइट १४, गिब्साइट ३४.६.

घर्षण-पीएचसाठी २ ग्रॅम पूड, उकळून गार केलेलं डिस्टिल्ड पाणी २० मिली, अगेटच्या खलात दोन मिनिटं घोटून लगेच पीएच. ताजा बेसॉल्ट ८ च्या वर जातो, कारण नुकत्याच फुटलेल्या पृष्ठभागावरचे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्यातल्या हायड्रोजन आयनांशी अदलाबदल करतात. जांभ्यात ते धुऊन गेलेले असतात, तो ७ किंवा खाली राहतो. इलेक्ट्रोड गाळात रुतवू नका, वरच्या पाण्यात धरा.

घोटाळा दोन गोष्टींनी होतो. मुरमात आणि काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. शुद्ध कॅल्साइटची घट ४४ टक्के, त्यामुळे थोडेसे खडेही घट फुगवतात आणि पीएच ८ कडे ओढतात. पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसली तर खडे वेचून पुन्हा दळा. दुसरं, काळ्या दगडाच्या पोकळ्यांत भरलेली पांढरी झिओलाइटं. त्यांत पाणी भरपूर. दगड फोडताना पांढरे ठिपके नसलेला तुकडाच निवडा, आणि दळण्याआधी तो भिंगाखाली घालून बघण्याचं काम त्याच गटाला द्या.