पात्राच्या तोंडून लिहिलेल्या वादाला गुण कसे द्यावेत?

वर्धाकाठ (विचारणा)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा वक्तृत्व स्पर्धेऐवजी लेखी वाद ठेवला आहे. दोघांची एक जोडी आणि दोघांत मिळून एक शंभरपानी वही. एकाने चिठ्ठीत वाट्याला आलेल्या महाभारत-हरिवंशातील एका पात्राच्या तोंडून आपली बाजू लिहायची, वही दुसऱ्याच्या घरी पोहोचवायची आणि त्याने प्रतिपक्षाच्या तोंडून उत्तर लिहायचे, अशा तीन फेऱ्या. कापसाची वेचणी ऐन भरात असल्यामुळे वह्या शेताच्या बांधावरून आणि एसटीच्या थांब्यावरून फिरल्या. एकीच्या पानांत कापसाचे पुंजके अडकलेले निघाले. लिखाण मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ सरस आले आहे, आणि अडचण तिथेच आहे.

द्यूतसभेच्या वहीत विकर्ण (द्रौपदीची बाजू घेणारा दुर्योधनाचा भाऊ) लिहिणारा अकरावीतील मुलगा अतिशय मुद्देसूद आहे, पण त्याचा विकर्ण भर सभेत ‘व्यक्तीचा मूलभूत हक्क’ असे शब्द वापरतो. त्याच्यासमोर कर्ण लिहिणारी मुलगी पात्र क्षणभरही सोडत नाही. तिचा कर्ण द्रौपदीबद्दल जे बोलतो ते वाचताना अंगावर काटा येतो. माझे सहपरीक्षक गुरुजी म्हणतात की विकर्णाची बाजू न्यायाची आहे आणि मांडणी स्वच्छ आहे, म्हणून गुण त्याला. माझे मन कर्णाच्या वहीकडे झुकते, पण का, ते मला गुरुजींना पटेल असे सांगता येत नाही. दुसऱ्या एका वहीत रुक्मिणीहरणानंतरचा रुक्मी आणि त्याची बहीण रुक्मिणी यांचा वाद आहे, आणि त्यातला रुक्मी चक्क वऱ्हाडीत बोलतो. त्याचे गुण कापावेत का? नदीपलीकडे रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर (जुने कुंडिनपूर) असल्यामुळे गावात या वहीची चर्चा फार आहे.

झाडीचा माणूस

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. गुण कापू नका. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते, आणि तिथे पुराणातली पात्रे झाडीबोलीत बोलतात म्हणून कोणी उठून गेल्याचे मी पाहिलेले नाही. भीष्मक राजाचा मुलगा रुक्मी संस्कृतात बोलत असेल की आणखी कशात, हे मराठीत लिहिणाऱ्या कोणालाच पाळता येणार नाही. पुस्तकी मराठी त्याला वऱ्हाडीपेक्षा जवळची आहे असे समजण्याचे काहीच कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की ती वऱ्हाडी राजपुत्राची आहे की हशा पिकवण्यासाठी घातलेली आहे. रुक्मी गर्विष्ठ आहे. त्याचा गर्व त्या बोलीत ऐकू येत असेल, तर पात्र साधले आहे.

सभापर्ववाचक

विकर्णाच्या वहीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गुरुजींचे म्हणणे आणि तुमचे म्हणणे यांत वाटतो तेवढा विरोध नाही.

‘मूलभूत हक्क’ हा शब्दप्रयोग केवळ काळाला सोडून आहे म्हणून खटकत नाही. तो वादातले शस्त्र म्हणूनही बोथट आहे. विकर्णाला पटवायचे आहे ते त्या सभेला, आणि त्या सभेत बसलेल्या एकाही माणसाने हे गृहीतक मान्य केलेले नाही. मूळ सभापर्वातील विकर्ण नेमके उलटे करतो. मृगया, मद्यपान, द्यूत आणि स्त्रियांची अति आसक्ती ही राजांची चार व्यसने सर्वांना ठाऊक आहेत, आणि व्यसनात बुडालेल्या माणसाचे कृत्य प्रमाण मानले जात नाही, इथून तो सुरुवात करतो. मग द्रौपदी पाचही पांडवांची आहे, युधिष्ठिर तिच्याआधी स्वतःला हरलेला होता, आणि तिला पणाला लावण्याची गोष्ट शकुनीने काढली, असे मुद्दे एकामागून एक ठेवून ती जिंकली गेलेली नाही असा निष्कर्ष काढतो. यातले प्रत्येक गृहीतक दुर्योधनालाही नाकारणे जड जावे असे आहे. एवढी सामग्री जवळ असताना तुमच्या विद्यार्थ्याने ती बाजूला ठेवली, म्हणजे पात्रही सुटले आणि युक्तिवादही दुबळा झाला. समोरच्याला मान्य असलेल्या गोष्टींवरून त्याला मान्य नसलेल्या गोष्टीकडे नेणे, ही माझ्या मते अशा लेखनाची मुख्य कसोटी आहे, आणि भाषा, अलंकार, अवतरणे यांचा विचार त्यानंतर करावा.

कर्णाच्या वहीत आधी एकच गोष्ट तपासा: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, या सर्वांत अडचणीच्या मुद्द्याला तिने उत्तर दिले आहे का? मूळ कर्ण देतो. युधिष्ठिराने सर्वस्व पणाला लावले तेव्हा द्रौपदी त्या सर्वस्वातच आली, आणि तिचे नाव उच्चारले गेले तेव्हा पांडवांनी ते मान्य केले, असे तो म्हणतो. उत्तर अन्यायाचे आहे, पण ते उत्तर आहे. तिने नुसते अपशब्द लिहून मुद्दा टाळला असेल, तर कितीही अंगावर काटा आला तरी पूर्ण गुण देऊ नयेत. पुढे उद्योगपर्वात हाच कर्ण कृष्णाजवळ कबूल करतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कटू बोललो आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. वहीतल्या कर्णाच्या बोलण्यात दुर्योधनाकडे गेलेली एखादी चोरटी नजर सापडली, तर त्या मुलीला मी सढळ हाताने गुण देईन.

पात्राला काय ठाऊक आहे, हेही पाहावे. द्यूतसभेतील कर्णाला आपण कुंतीपुत्र असल्याचे माहीत नाही. आणि द्रौपदीने स्वयंवरात ‘सूताला वरणार नाही’ म्हटल्याचा राग त्याने काढला असेल, तर ती गोष्ट भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (काम १९१९ साली सुरू झाले, १९६६ साली पूर्ण झाले) मुख्य संहितेत घेतलेली नाही, मात्र लोकांच्या कथनात ती पक्की आहे. कोणती संहिता धरायची हे तुम्ही आधी जाहीर केले नसेल, तर आता त्यावरून गुण कापणे योग्य होणार नाही.

कास्तकारीण

सर, तुमचे सगळे मान्य करूनही एक व्यवहाराची गोष्ट राहते. गावात बक्षीस समारंभ होईल तेव्हा ही वही मोठ्याने वाचली जाणार, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ते शब्द कर्णाचे वाटणार नाहीत, त्या पोरीचे वाटतील. म्हणून तिने कर्ण मवाळ करावा असे मी मुळीच म्हणणार नाही; सर्वांना आवडेल असा कर्ण लिहिला, तर विकर्णाला उभे राहण्याचे कारणच उरत नाही. पण गुण वहीला द्या आणि जाहीर वाचन दोन्ही बाजूंचे सलग करा, कर्णाचा उतारा एकटा वाचू नका. वाचून दाखवण्याआधी तिला विचारा.

गुरुजींनाही एवढे सांगा, की न्यायाची बाजू घेतल्याचे गुण द्यायचे असतील, तर ज्याच्या वाट्याला चिठ्ठीत कर्ण आला तो वही उघडण्याआधीच हरला.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. ताई, चिठ्ठीचा मुद्दा गुरुजींना लगेच पटला, आणि त्यांनी दोन्ही वह्या पुन्हा तपासायला घेतल्या आहेत. सर्वस्वाचा मुद्दा मुलीच्या दुसऱ्या फेरीत स्पष्ट सापडला. चोरटी नजर मात्र सापडली नाही.

आता रुक्मीचे एक कोडे राहिले. तिसऱ्या फेरीत तो बहिणीची माफी मागतो. मूळ कथेत तो लाजेने कुंडिनपुराला परतला नाही, भोजकट वसवून राहिला आणि भारतीय युद्धाच्या वेळी दोन्ही पक्षांपुढे फुशारकी मारून दोघांकडूनही नाकारला गेला. असा माणूस माफी मागेल का?

झाडीचा माणूस

मागू शकेल, पण ती त्याच्याकडून रुक्मिणीने काढून घेतलेली असली पाहिजे. कृष्ण त्याला मारायला निघाला तेव्हा तिनेच त्याचा जीव मागून घेतला होता. तिच्या दुसऱ्या फेरीत ही गोष्ट त्याला सुनावलेली आहे का, ते पाहा. असेल, तर दोघांचेही गुण वाढवा, कारण एकाच्या वाक्याने दुसरा हललेला आहे. नसेल, तर तिसरी फेरी फुकट गेली असे समजून फक्त पहिल्या दोन तपासा.