मालिकेतला डिटेक्टिव्ह पुस्तकात गेला की त्याचं काय होतं?

चाटीगल्ली

मार्चअखेर संपली. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिणाऱ्या बाईला त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे सुटीच. बाहेर ४३ अंश. दुपारभर खिडकीला ओली चादर लावून मी ‘मंक’च्या कादंबऱ्या वाचत पडलेय. चार झाल्या. भाऊ म्हणतो, "सगळी मालिका बघितलीस ना? मग तेच परत कागदावर कशाला?" त्याच्याशी भांडून झालं, आता या धाग्यावर तुमच्याशी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ‘मंक’ ही अमेरिकन मालिका, २००२ ते २००९, एकूण १२५ भाग. एड्रियन मंक सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांत होता. बायको ट्रुडी गाडीतल्या बॉम्बस्फोटात गेली आणि त्याचा मंत्रचळ इतका वाढला की नोकरी सुटली. जंतू, उंची, गर्दी, दूध, कशाचीही भीती. पण गुन्ह्याच्या जागी इतरांना न दिसणारं त्याला दिसतं. मालिकेचे काही भाग लिहिलेल्या ली गोल्डबर्गने २००६ पासून त्यावर १५ कादंबऱ्या लिहिल्या. पुढच्या ४ कादंबऱ्या मालिकेच्याच लेखकांपैकी हाय कॉनराडने. या कादंबऱ्या म्हणजे मालिकेच्या पटकथांची पुस्तकं नाहीत, प्रत्येकीत नवा गुन्हा आहे.

माझं म्हणणं एवढंच. पडद्यावर आपण मंककडे बघतो. पुस्तकात गोष्ट सांगते त्याची मदतनीस नटाली. नवरा युद्धात गेलेला, पदरात शाळकरी मुलगी, पगार तुटपुंजा, आणि साहेब असा की कुणाशी हात मिळवला की लगेच ओला टिश्यू मागणार. पहिल्या कादंबरीत तर अग्निशमन केंद्रातला कुत्रा मारला जातो आणि नटालीची मुलगी ज्यूली मंकला सांगते, याचा खुनी शोधून दे. पोरीचा शब्द मोडायचा नाही म्हणून सुरू झालेला तपास! मालिकेत नटाली टिश्यू देताना दिसते. तो देताना तिच्या मनात काय चाललंय, हे मला पुस्तकातच कळलं. साहेब लोकांची मर्जी सांभाळून पोट भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

जुनं बाड

शिळ्या कढीला ऊत.

पुस्तकावरून मालिका निघते तेव्हा थोडं सांडतं, पण भांड्यात आधी काहीतरी असतं. १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरचा ब्योमकेश आला. तो उभा राहिला, कारण त्याच्यामागे शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या १९३२ पासूनच्या कथा होत्या. फास्टर फेणे टीव्हीवर आला तोही भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतून. उलटी गंगा वाहवली की हाती येतं ते जाहिरातीचं पत्रक. फक्त जाड.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. असा लेखक भाडेकरू असतो. पात्र दुसऱ्याचं, नावाचा हक्क दुसऱ्याचा. भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारायचं. शेवटच्या पानावर पात्र जसं घेतलं तसं परत करायचं, ओरखडा नको. ज्या कादंबरीत नायकाला काही होऊच शकत नाही ती मी का वाचू?

हिप्परगा

काका, मग ‘सीआयडी’चं काय? १९९८ ते २०१८ सलग वीस वर्षं चाललं आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आलं. एसीपी प्रद्युम्नला वीस वर्षांत ओरखडा पडलेला मी तर बघितला नाही. तरी आमच्या घरात रोज ताटं घेऊन सगळे टीव्हीपुढं.

पण खरं सांगू का, त्याचं पुस्तक होणार नाही बे. "दयाने दरवाजा तोडला." संपलं. चार शब्द पण नाहीत. टीव्हीवर तो दरवाजा तीन बाजूंनी तुटतो, तेव्हा मजा येते.

चाटीगल्ली

बाडकाका, भाडेकरूचा दृष्टान्त आवडला, पण या घराला लागू नाही. मालिकेत शरोना ही पहिली मदतनीस तिसऱ्या सीझनमध्ये जाते आणि तिच्या जागी नटाली येते. दोघी समोरासमोर आल्या तर काय होईल, हे गोल्डबर्गने २००७ च्या कादंबरीत लिहून टाकलं. टीव्हीवर शरोना परतली ती २००९ मध्ये, शेवटच्या सीझनला. म्हणजे भाडेकरूने खिळा आधी मारला, मालक नंतर आला.

आणि मालिका संपल्यावरही पुस्तकं चालूच राहिली. त्यात माणसं गाव बदलतात, काम बदलतात. नटाली आणि मंक न्यू जर्सीत जाऊन तिथल्या पोलिसांत काम करतात. आता घरमालकच घर सोडून गेला म्हटल्यावर कोण अडवणार?

बाय द वे, बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांच्या झुंजारला किती ओरखडे पडले ते सांगा.

जुनं बाड

झुंजारला ओरखडा पडत नव्हता, मान्य. पण तो अर्नाळकरांचा होता. उद्या त्यांना वाटलं असतं तर मारला असता. तो ‘वाटलं असतं तर’ वाचकाला कळतो. नवी पेठेत चार आणे रोजाने पुस्तक आणायचो आम्ही. रात्री घरचे झोपल्यावर कंदील बारीक करून वाचायचं आणि सकाळी दुकान उघडायच्या आत परत, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे चार आणे. तेव्हा झुंजार सुटणार हे माहीत असूनही छाती धडधडायची.

मंकला मारायचा अधिकार गोल्डबर्गला नाही. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

अर्धविराम

मूळचा सात रस्त्याचा, सध्या पुण्यात. दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं. पुस्तक आधी की मालिका आधी, ही रेघ वाटते तितकी सरळ नसते.

इंग्लंडचा इन्स्पेक्टर मोर्स घ्या. कॉलिन डेक्स्टरची पहिली कादंबरी १९७५ ची, मालिका १९८७ ची. बाडकाकांच्या हिशोबात हे ‘शुद्ध’ प्रकरण. पण पुस्तकातला मोर्स आधी लान्चिया चालवायचा, टीव्हीवर त्याला लाल जॅग्वार मिळाली. पुस्तकातला सहकारी लुईस वेल्सचा, वयाने मोर्सच्या आसपास. टीव्हीवर तो उत्तर इंग्लंडचा आणि बराच तरुण झाला. नंतरच्या पुस्तकांत डेक्स्टरने काय केलं? जॅग्वार घेतली आणि लुईसलाही टीव्हीवरच्यासारखा केला. घर स्वतःचं, तरी रंग शेजाऱ्याने सांगितला तो लावला. मग ती शेवटची पुस्तकं कशात धरायची?

डॅनिश मालिका ‘द किलिंग’ची उलटी गंमत. तिच्यावर डेव्हिड ह्यूसन या इंग्रज लेखकाने २०१२ मध्ये कादंबरी लिहिली आणि शेवट बदलला. मालिका बघितलेल्यालाही शेवटी काय होणार ते माहीत नाही. भाडेकरूने जिनाच फिरवला.

शेंगापोळी

‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेचं कुणी नाव काढेना! त्यात खुनी पहिल्या दहा मिनिटांतच दाखवतात. पुढचा सगळा खेळ त्या चुरगळलेल्या रेनकोटचा, अर्धवट सिगारचा आणि दारातून परत वळून "अजून एक गोष्ट" म्हणण्याचा. त्याच्याही कादंबऱ्या निघाल्या. पण पीटर फाल्कचा डोळा बारीक होणं कागदावर कसं आणणार? इथं मी बाडकाकांच्या बाजूने. काही डिटेक्टिव्ह हे नटच असतात, पात्र नंतर.

हिप्परगा

आणि ‘करमचंद’ मालिकेतलं गाजर! १९८५ चं, माझ्या जन्माच्या आधीचं. पण पप्पा अजून मार्केटातनं गाजर आणलं की पंकज कपूर होतात. पुस्तकात गाजर खाल्लं काय नि मुळा काय.

कोरा कागद

मला या चर्चेत वेगळीच गोष्ट टोचते. आमच्या घरात मंत्रचळ असलेलं माणूस आहे. नाव-नातं सांगत नाही. कुलूप लावलं की नाही हे बघायला जिन्यावरून सात वेळा परत येणं, हात धुऊन धुऊन कातडं सोलवटणं, नळाला पाणी यायच्या दिवशी तर विचारूच नका. मालिकेत हे चाळीस मिनिटं असतं. मंक झालेला टोनी शाल्हूब इतका जीव ओतून काम करतो की हसता हसता घशात आवंढा येतो. त्याला या भूमिकेसाठी तीन एमी पुरस्कार मिळाले ते उगीच नाही. पुस्तकात त्याचा चेहरा नाही. उरतं ते तीनशे पानं एका आजारी माणसाच्या सवयींची यादी करणं. चाटीगल्लीताई, तुम्ही म्हणता नटालीच्या मनातलं कळतं. मला तर तिच्या तोंडून एकामागून एक टोमणेच ऐकू आले. दोन पुस्तकं वाचली, तिसरं उघडवलं नाही.

चाटीगल्ली

कोरा कागद, तुमच्या प्रतिसादाला काल रात्री उत्तर लिहिलं आणि खोडलं. आता परत लिहितेय.

तुम्ही म्हणता ते काही पानांना लागू आहे, हे खरं. एकच गंमत चौथ्यांदा आली की मलाही पानं उलटावीशी वाटतात. दरवर्षी दोन-दोन पुस्तकं काढायची म्हटल्यावर हे होणारच.

पण तिसरं नेमकं तेच होतं का, जिथं पोलिसांचा संप होतो? शहरात तपासाला कुणी उरत नाही, म्हणून मंकला कॅप्टन करतात. हाताखाली कोण, तर त्याच्यासारखेच मनाच्या आजारामुळे खात्याबाहेर काढलेले अधिकारी. एकीला सगळीकडे हेर दिसतात, एकाचा संताप आवरत नाही, एका म्हाताऱ्याला आठवत नाही. हे वाचून तुम्हाला आणखी राग येईल अशी भीती होती. पण त्यात प्रत्येकाला सांभाळायला आपापलं माणूस आहे. ही सांभाळणारी माणसं एकत्र बसतात तेव्हा नटालीला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या जातीचं भेटतं. रुग्ण सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टोमणे मारते ती, पण कुणासमोर मारते ते बघा. आपल्यासमोर. मंकसमोर ती टिश्यूच देते.

आमच्याकडे आजी अंथरुणाला खिळून होती तेव्हा आई संध्याकाळी गॅलरीत येऊन शेजारच्या मावशींना अशाच नकला करून दाखवायची. मग आत जाऊन आजीची कूस बदलायची.

कोरा कागद

हं. हे मी असं वाचलं नव्हतं. तरी तिसरं लगेच उघडेन असं म्हणत नाही.

शेंगापोळी

वातावरण जड झालंय म्हणून एक भानगड सोडते. ‘मर्डर, शी रोट’ मालिकेत जेसिका फ्लेचर नावाची लेखिका खून उकलते. तिच्यावरच्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर लेखक कोण? जेसिका फ्लेचर आणि डोनाल्ड बेन! मालिका १९९६ ला थांबली, पुस्तकं थांबलीच नाहीत. बेनने चाळिसाहून जास्त लिहिली.

‘कॅसल’ त्याच्याही पुढे. त्यात रिचर्ड कॅसल हा रहस्यकथा लेखक पोलिसांबरोबर हिंडतो आणि त्यावर पुस्तक लिहितो. ते पुस्तक २००९ मध्ये खरोखर छापलं. लेखक म्हणून नाव कॅसलचं, मागे फोटो नट नेथन फिलियनचा. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीतही गेलं. म्हणजे नसलेल्या माणसाने पुस्तक लिहिलं आणि असलेल्या माणसांनी रांगेत उभं राहून विकत घेतलं.

जुनं बाड

हेच! हेच मी म्हणतोय. खरं लिहिणारा कुठे गेला? रात्रभर डोळे फोडणाऱ्याचं नाव नाही आणि फोटो नटाचा. चादर विणणाऱ्याचं नाव चादरीवर नसतं, तसंच.

हिप्परगा

काका, ते जाऊ दे. पुस्तक वाचलं का तुम्ही एक तरी? सगळा धागा न वाचताच बोल्लालाव.

जुनं बाड

नाही. विकत घेणार नाही.

चाटीगल्ली

घ्यायचं नाहीच. अग्निशमन केंद्रवालं माझ्याकडे कागदी आहे, जुन्या पुस्तकांतलं, आधीच्या मालकाच्या चहाच्या डागासकट. शनिवारी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला येताय ना? पायरीवर देते. भाडं चार आणे रोज.

जुनं बाड (नऊ दिवसांनी)

सव्वादोन रुपये झाले, सुटे आणतो.

वाचलं. मालिका मी पाहिलेली नाही हे लक्षात घ्या. कुत्र्याच्या खुनावरून पुढच्या मोठ्या गुन्ह्यापर्यंत धागा बरा नेलाय, दुवे वाचकापासून लपवलेले नाहीत. इंग्रजी सोपं. दोनदा मोठ्याने हसलो, तेव्हा सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं.

पण मंक मला शेवटपर्यंत दिसला नाही. सवयी दिसल्या, चेहरा नाही. तुम्हा लोकांच्या डोळ्यांत तो नट आधीच बसलाय, म्हणून तुम्हाला जाणवत नसेल. म्हणजे अर्धं पुस्तक टीव्हीवर राहिलंय, माझं मत कायम. ती बाई मात्र पुरती दिसली. घरखर्चाची ओढाताण, पोरीला शाळेत सोडताना घड्याळाकडे बघणं. तिच्यावर कुणी मंकशिवाय पुस्तक लिहिलं तर ते मी विकत घेईन.

चाटीगल्ली

काका, माझी अडचण उलटी आहे. मला शाल्हूबशिवाय दुसरा मंक दिसूच शकत नाही. कधी कधी वाटतं तुमच्यासारखं कोऱ्या डोळ्यांनी वाचायला मिळायला हवं होतं.

शनिवारी पुढचं आणू का? त्यात नटाली हवाई बेटांवर मैत्रिणीच्या लग्नाला जाते, एकटी, चार दिवस सुटी म्हणून. आणि विमानात मंक तिच्या मागोमाग.

जुनं बाड

बिचारी. आणा.

हिप्परगा

चार आणे रोज लय स्वस्त झालं ताई. काकांना उशिराचा दंड लावा.