जुनी डिकल्स फेकू नका

तीस वर्षं पडून असलेल्या मॉडेल विमानाच्या किटची पिवळी पडलेली डिकल्स (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणा नि चिन्हं) फेकावीत का, असं विचारलंत. अजिबात नको! गोव्यात वास्कोत मी सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाचं माझं १:७२ मापाचं मॉडेल पुन्हा हाती घेतलं तेव्हा डिकल्सची शीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवली. पिवळेपणा बराच उतरला. मात्र आधी नको असलेलं एक डिकल पाण्यात सोडून बघा. माझं तुकडे होऊन तरंगलं, म्हणून बाकीच्यांवर क्लिअर लॅकरचा हात दिला आणि एकेक कडेने कापून लावलं. पावसाळ्यात लॅकर फवारू नका, आपल्या दमट हवेत ते पांढुरकं पडतं. आणि बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात खरं सी हॅरियर बघाच. २०१६ साली ही विमानं इथेच, नौदलाच्या हंसा तळावर निवृत्त झाली. जवळून पाहिलं की पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा किती बारीक ते कळतं. घरी येऊन मी मॉडेलवरच्या अर्ध्या जाड रेषा पुटीने बुजवल्या.