डॉक्टरसाहेब बोलले ते आमच्या ओट्यावर घडलं होतं

सी-३०४ ताई: ८ नोव्हेंबर आला, नोटबंदीचा दिवस, म्हणून भाचीने डॉ. मनमोहन सिंगांचं त्यावरचं राज्यसभेतलं भाषण पाठवलंय, २४ नोव्हेंबर २०१६ चं. पाच-सात मिनिटांचंच आहे, सगळ्यांनी ऐका.

ए-१०१ सर: ताई, पुन्हा कशाला उकरून काढता? २ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने नोटबंदी वैध ठरवली, ४ विरुद्ध १. विषय संपला.

सी-३०४ ताई: निर्णय कायद्याला धरून होता का, हे कोर्टाने बघितलं. लोकांचं काय झालं ते आपणच सांगायचं ना सर?

ए-२०२ भाऊ: मनमोहन सिंग त्या भाषणात जीडीपी २ टक्क्यांनी घसरेल म्हणाले होते. त्या वर्षीची वाढ सरकारी आकड्यात नंतर ८.३ टक्के निघाली. एवढे मोठे अर्थतज्ज्ञ, अंदाज चुकलाच. आणि आज पानटपरीवर क्यूआर कोड लागलाय, तेही बघा.

बी-२०३ नाना: भाऊ, आकडेमोड तुमचा प्रांत, त्यात मी पडत नाही. नोटबंदीला ते 'संघटित लूट' म्हणाले, ते शब्द सगळे फिरवतात. पण त्याच भाषणात सहकारी बँकांबद्दल बोललेत, ते कोणी पुढे पाठवत नाही. खेड्यातल्या लोकांना सेवा देणाऱ्या या बँकांना रोकड हाताळायलाच मनाई केलीय, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. माझ्यासाठी अख्खं भाषण तेवढंच.

मी तेव्हा गावी होतो. दुसरी वेचणी चालू, घरात आढ्यापर्यंत कापूस. सुरुवातीचे दिवस जिल्हा बँकेत जुन्या नोटा घेत होते. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचा आदेश निघाला आणि बंद. आमचं पीककर्ज, विकास सोसायटी, सगळी खाती तिथंच. दुसरी बँक तालुक्याला, तिथं खातं नाही. खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात उभा. जुन्या नोटा घेता का, आत्ता माप करतो. नव्या पाहिजेत तर क्विंटलमागे भाव कमी. चेक देतो म्हणाला, तर तो वटवायचा कुठे?

वेचणाऱ्या बाया संध्याकाळी वजन करून ओट्यावर बसायच्या. किलोवर मजुरी, बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती करायची, ही वडिलांपासूनची पद्धत. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांना रिकाम्या हाताने बाजाराला जाऊ दिलं. एक म्हातारी म्हणाली, 'नाना, पैसा राहू दे, पायलीभर दादर दे.' दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, कणगीतून काढून दिली. तिच्या तोंडाकडे बघवलं नाही मला.

सी-१०२: खरं शे भो. आमच्या घरी लग्न होतं, तेव्हा असंच झालं.

बी-१०३ बँकवाले काका: मी तेव्हा जिल्हा सहकारी बँकेच्या काउंटरवर होतो. घेतलेल्या नोटा तिजोरीत पडून. समोर माणूस स्वतःच्याच पैशासाठी हात जोडतोय, अन् देणार काय? त्या नोटा भरायची परवानगी सरकारने दिली जून २०१७ मध्ये. सात महिने झाले होते.

ए-१०१ सर: हाल झाले, मान्य. मी पण रांगेत होतो. पण पैसा बँकेत आला, कोणी किती भरला त्याची नोंद झाली, हे मोठं काम नाही का?

सी-३०४ ताई: १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, ९९.३ टक्के. रिझर्व्ह बँकेचाच २०१८ चा अहवाल. मग बुडाला तो काळा पैसा किती?

बी-२०३ नाना: सर, तुमच्या मताचा मला मान आहे. माझं दुखणं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेला, दहा वर्षं पंतप्रधान राहिलेला माणूस उभा राहून विचारतो, आपलाच पैसा बँकेत टाकून लोकांना काढता येत नाही असा एक तरी देश दाखवा. ८ फेब्रुवारी २०१७ ला त्याच राज्यसभेत पंतप्रधान बोलले ते काय, तर रेनकोट घालून आंघोळ करण्याची, म्हणजे घोटाळ्यांतही अंगाला डाग न लागू देण्याची, कला डॉक्टरसाहेबांकडून शिकावी. त्यांच्या काळातले घोटाळे काढा, जरूर काढा. पण आमच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. माणूस २६ डिसेंबर २०२४ ला गेला. आमच्यासारख्यांचं गाऱ्हाणं त्यांनी तिथं मांडलं होतं, हे मी विसरणार नाही.

ए-२०२ भाऊ: नाना, तेव्हाची मजुरीची वही आहे का हो तुमच्याकडे?

बी-२०३ नाना: आहे, गावच्या घरी फडताळात. म्हातारीच्या नावापुढे 'दादर १ पायली' लिहिलेलं आहे. रविवारी जातोय, फोटो टाकतो.

ए-१०१ सर: टाका नाना. बघतो.